खुर्ची भाड्यानं आणू नका



भांडण खुर्चीवरनं झालं. पदाच्या खुर्चीवरनं नव्हे. ते आपल्याकडं रोजचंच आहे, त्यासाठी या अंकाचं पान खर्ची घालायची गरज नाही. हे भांडण लाकडाच्या, चार पायांच्या, नाटकातल्या खुर्चीवरनं झालं आणि अजून मिटलेलं नाही. ते असंच मिटवून टाकू नये असं मला वाटतं म्हणून लिहितोय.

स्वारगेटच्या मागं, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये आम्ही नऊ जण रात्री तालमी करत होतो. नाटक बाबासाहेबांच्या बडोद्यातल्या अकरा दिवसांवर. साल १९१७. कोलंबियाचं शिक्षण घेऊन, लंडनहून परतलेला माणूस गायकवाड महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला उतरतो आणि एवढ्या मोठ्या शहरात त्याला पाठ टेकायला जागा मिळत नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहतो. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून येतात. हिंदू मित्र म्हणतो, तुला घरात घेतलं तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणतो, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. हा माणूस बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघून जातो. ही हकीगत तुम्हाला पाठ आहे. असली पाहिजे.

चौथ्या तालमीला दिग्दर्शकानं प्रॉपर्टीची यादी काढली. कोरीव पाठीची खुर्ची एक, टेबल एक, पलंग एक, कंदील एक.

‘भाड्यानं आणू. गोडाऊनवाला ओळखीचा आहे.’

मी म्हणालो, ‘मी करतो.’

‘तू? अरे, तू लाकूड चिरतोस. फर्निचर वेगळं.’

हा आमचाच पोरगा. आमच्याच गल्लीतला. नाटकाचा कोर्स करून आलाय. त्याच्या तोंडनं हे वाक्य आलं म्हणून लागलं. दुसऱ्यानं म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

होय, मी लाकूड चिरतो. मी मिल कामगार आहे, पण कापडाची मिल डोळ्यासमोर आणू नका. मुंबईच्या कापडगिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून गेल्या, त्यांच्या जागेवर मॉल आणि टॉवर आले. माझी मिल लाकडाची. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात पट्ट्याच्या करवतीवर मी सात वर्षं उभा आहे. माझा बाप तिथंच हमाल होता. आमच्याकडं दहाची दहा बोटं शाबूत असलेला माणूस दिसला की समजावं, नवा आहे. ओंडका येतो, आम्ही त्याच्या फळ्या करतो, फळ्या सुताराकडं जातात, सुताराकडनं दिवाणखान्यात जातात. त्या दिवाणखान्यात आम्ही जात नाही. भुसा मात्र आमचा. नाकात, कानात, डब्यातल्या भाकरीवर.

सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही. मार्केटातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला मी म्हणालो होतो, संध्याकाळी तासभर बसू द्या तुमच्याजवळ. त्यानं माझं आडनाव विचारलं. मग रंधा पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाला, ‘तुमच्यात हे नसतं.’ बस, एवढंच. शिवी नाही, काही नाही. मी पुढची दोन वर्षं फेकलेल्या तुकड्यांवर रात्री पटाशी चालवली. पहिली वस्तू केली ती पाट. तो डुगडुगत होता. आईनं चौथ्या पायाखाली पुठ्ठा घातला आणि त्यावर बसून जेवली.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवलंय, की जात नुसती कामं वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि वरखाली रचते. त्याचा सगळा अर्थ मला त्या मिस्त्रीनं रंधा पेटीत ठेवला तेव्हा कळला. आणि आता २०२३ पासून सरकारची विश्वकर्मा योजना आहे. अठरा कामं, त्यांत सुतार आलाच. पिढ्यान्‌पिढ्या, गुरु-शिष्य परंपरेनं हातानं काम करणाऱ्यांसाठी. ज्याच्या घरात परंपरेनं नुसतं ओझं उचलणंच आलं, त्यानं कुठल्या गुरूच्या दारात बसायचं? असो. मुद्दा खुर्चीचा.

मी दिग्दर्शकाबरोबर त्या गोडाऊनला गेलो. म्हटलं बघू तरी. दोस्तांनो, एकदा असल्या गोडाऊनात जाऊन या. मराठी नाटकाचा इतिहास पुस्तकात वाचायची गरज पडणार नाही. एका बाजूला तक्के, लोड, सिंहासनं, चवऱ्या, सोनेरी रंग मारलेले थर्माकोलचे सिंह. दुसऱ्या बाजूला सोफे. मरून सोफा, हिरवा सोफा, फुलाफुलांचा सोफा, कोपऱ्यातला टेलिफोन ठेवायचा स्टूल, झोपाळा. म्हणजे एक तर राजवाडा, नाही तर दिवाणखाना. तिसरं काही नाही. माझ्या घरातली एक वस्तू त्या गोडाऊनात नव्हती. पत्र्याची पेटी नव्हती. दोरीची खाट नव्हती. मी मालकाला विचारलं, तुमच्याकडं मोडकी खुर्ची आहे का. तो म्हणाला, ‘आपल्याकडं सगळा माल चांगला असतो.’

हा दिवाणखाना आला कुठनं? आधी पडद्यांवर रंगवलेले महाल असायचे. गंधर्व नाटक मंडळीनं १९२० च्या ‘द्रौपदी’त मयसभा उभी करायला पाण्यासारखा पैसा ओतला. मग १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं. रंगवलेले पडदे जाऊन खरी खोली आली, खरी दारं आली, खरं फर्निचर आलं. मोठी क्रांती म्हणतात तिला. असेल. खोली खरी होती, पण कुणाची? ती खोली मराठी रंगभूमीनं पुढं पन्नास वर्षं सोडली नाही. पडदा उघडला की सोफा. सोफ्यावर बसून माणसं दुःख करतात. आपली माणसं त्या खोलीत आलीच तर चहाचा ट्रे घेऊन, आणि उभी. आपला लेखक तिथं शिरला तेव्हा काय झालं तेही बघा. दत्ता भगतांचं ‘वाटा-पळवाटा’, १९८७ सालचं. आपल्यातल्याच प्राध्यापकाचं घर. शिकलेला, ब्राह्मण बायको केलेला. त्याची बसायची खोली आणि तिच्यात येऊन भांडणारा अर्जुन. त्या नाटकात खोली हाच प्रश्न आहे. त्या खोलीत बसून चळवळ करता येते का, हा प्रश्न. असं नाटक करायचं तर खुर्ची कशी असावी याचा डोकं लावून विचार करावा लागतो. गोडाऊनातला मरून सोफा उचलून चालत नाही.

आणि ज्या भूमीवर आपण उभे आहोत ती तरी बघा. टिंबर मार्केटातनं चालत निघालं की थोड्या वेळात जोतीरावांचा वाडा लागतो. तिथल्या माणसानं १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. जोशी भटजी एका कुणब्याला आणि त्याच्या गरोदर बायकोला कसा लुबाडतो, त्याचं नाटक. दक्षिणा प्राइझ कमिटीपुढं ठेवलं, तिथल्या भटांच्या आग्रहापुढं कुणाचं काही चाललं नाही, नाटक पडून राहिलं. छापून आलं ते १९७९ मध्ये. सव्वाशे वर्षं! या सव्वाशे वर्षांत सोफे किती रंगले याचा हिशेब करा.

आता गोडाऊनातली खरी गोष्ट. दिग्दर्शकानं खुर्ची निवडली. सागवानी, उंच पाठ, हातांवर सिंहाची तोंडं. बाबासाहेबांना शोभेल अशी. पावती फाडताना मालक आपल्या माणसाला म्हणाला, ‘बाजीरावाची दे यांना. पण शनिवारी परत पाहिजे, प्रयोग आहे.’

बाजीरावाची!

मी दिग्दर्शकाकडं बघितलं. तो पावतीकडं बघत होता. या पुण्यात पेशवाईत आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधत होते, आणि आपण त्याच पेशव्याची खुर्ची तीन दिवसांच्या भाड्यानं बाबासाहेबांसाठी नेणार. भाडं भरून. डिपॉझिट भरून. ओरखडा पडला तर दंड भरून.

दिग्दर्शक बाहेर आल्यावर म्हणाला, ‘अरे, लाकूड आहे ते. लाकडाला काय माहीत कोण बसलं?’

लाकडाला नसेल माहीत. आपल्याला तर कळलं ना.

पथकात यावर दोन रात्री गेल्या. तिथं दुसरी पार्टी उभी राहिली. ही जास्त हुशार. ते म्हणाले, फर्निचर हवंच कशाला? दोन लेव्हल टाका, काळा पडदा, बाकी सगळं सूचक. प्रेक्षकांना कल्पना करू द्या. एकानं दाखला दिला ‘घाशीराम कोतवाल’चा. १९७२ मध्ये भरत नाट्य मंदिरात झालं, काय फर्निचर होतं? ब्राह्मणांची एक रांग, तीच भिंत, तोच पडदा. दुसऱ्यानं भीमराव कर्डकांच्या जलशाचा दाखला दिला. डफ, ढोलकी आणि आवाज, एवढ्यावर गावंच्या गावं उठवली.

दोन्ही दाखले खरे आहेत. पण नीट बघा. घाशीरामातल्या त्या रांगेला बसायला खुर्ची दिली नाही तरी अडत नाही. ती माणसं कुठं बसतात हे उभ्या महाराष्ट्राला तीनशे वर्षं माहीत आहे. आणि कर्डकांनी खुर्च्या वापरल्या नाहीत, कारण देणार कोण होतं? मोकळा रंगमंच ही त्यांची शैली असेल, आमची ती अडचण होती. अडचणीला शैली म्हणायला मी तयार नाही. ज्याच्या घरात चार सोफे आहेत त्यानं रंगमंचावरचे सोफे काढून टाकले तर तो त्याचा त्याग. ज्याच्या पाठीला कधी खुर्ची लागली नाही त्याला ‘कल्पना करा’ म्हणणं म्हणजे ताट रिकामं ठेवून जेवणाचं वर्णन करणं.

आपला इतिहास हा बसण्याचा इतिहास आहे, दोस्तांनो. पाण्याइतकाच. साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला बसायला गोणपाटाचा तुकडा होता. तो रोज घरनं न्यायचा, रोज घरी आणायचा, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नव्हता. माझा आजा इंदापूर तालुक्यातला. पाटलाच्या पोरीच्या लग्नात त्यानं पलंग डोक्यावरनं दोन कोस नेला आणि वाड्याच्या बाहेर उतरवला. पुढचं आतल्या माणसांनी नेलं. ही जुनी गोष्ट म्हणाल. २०१९ मध्ये उत्तराखंडच्या टिहरी भागात एक दलित पोरगा लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून त्याला मारहाण झाल्याची फिर्याद नोंदली गेली. काही दिवसांनी तो दवाखान्यात मेला. त्याचा धंदा काय होता माहीत आहे? सुतार. २०२० मध्ये तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात निवडून आलेली पंचायतीची अध्यक्षा, आपली बाई, सभेत जमिनीवर बसवलेली आणि बाकीचे सदस्य खुर्च्यांवर. फोटो देशभर फिरला. आणि आम्ही इथं स्वारगेटला बसून म्हणायचं, खुर्ची सूचक दाखवू!

आता मूळ पुस्तकाकडं या. वाद घालणाऱ्या नऊ जणांतल्या किती जणांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुन्हा उघडून बघितलं होतं? मीही नव्हतं. तिसऱ्या रात्री उघडलं. बाबासाहेब धर्मशाळेच्या वरच्या मजल्याचं वर्णन करतात. छोटी झोपायची खोली, लागून न्हाणी, आणि बाकी एक मोठा हॉल. तो हॉल अडगळीनं भरलेला. फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या. वीज नाही. रखवालदार एक छोटा कंदील आणून ठेवायचा, त्याचा उजेड काही इंचांपलीकडं जात नसे. दिवसभर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम आणि रात्री या अडगळीत एकटा माणूस.

म्हणजे नेपथ्य त्यांनीच लिहून ठेवलंय! कोरीव खुर्ची नाही, मोकळा रंगमंचही नाही. मोडक्या खुर्च्या. पारशांनी टाकून दिलेल्या, आणि त्यांच्यात एक माणूस, त्यालाही टाकून द्यायची तयारी चाललेली.

मी हे वाचून दाखवलं. हॉल गप्प झाला. मग आमच्या जयंती मंडळाचे एक ज्येष्ठ म्हणाले, ‘बाबासाहेबांना भंगारात बसवणार? समाजाला चालणार नाही.’ मी म्हणालो, काका, आपण नाही बसवलं. त्यांनी बसवलं. आपण फक्त दाखवणार. काका उठून गेले. वर्गणी त्यांच्या हातात होती, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता कामाचं बोलू. हा भाग मी लांबवणार आहे, कारण आपल्या अंकांमधून विद्रोह भरपूर छापून येतो, सांधा कसा करायचा हे कुणी छापत नाही.

सात खुर्च्या, दोन बाकं, काही फळ्या ठरल्या. त्या काळात पारशी-इराण्यांकडं कसल्या खुर्च्या असतील याचा विचार केला. इराणी हॉटेलात गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची तुम्ही बघितली असेल. ती मूळ व्हिएन्नाची, थोनेट नावाच्या माणसानं १८५९ मध्ये काढलेली. वाफेवर लाकूड वाकवायचं, सहा तुकडे, दहा स्क्रू. एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या छत्तीस खुर्च्या मावायच्या. आमच्यासारख्या टेम्पोनं फिरणाऱ्यांसाठी याहून भारी खुर्ची नाही. पण वाफेवर लाकूड वाकवायची सोय माझ्याकडं कुठली? बुरूड आळीतला एक दोस्त धावून आला. त्यानं जाड वेत जाळावर धरला, ओल्या फडक्यानं पुसत पुसत गुडघ्यावर वाकवला आणि पाठीची कमान करून दिली. दोन कमानी फुटल्या, बाकीच्या टिकल्या. रंग दिल्यावर दहा फुटांवरनं कुणाला कळत नाही की हे लाकूड नव्हे. मला मिस्त्रीनं दिलं नाही ते बुरडानं दिलं.

पाय आणि बैठकी पाइनच्या. मशिनरीच्या पेट्या फोडून निघालेलं लाकूड, मार्केटात स्वस्तात मिळतं. पांढरं पडतं ते. नाटकात पॉलिश लावायचं नाही, दिव्याखाली चकाकतं आणि प्रेक्षकाचे डोळे दिपतात. आधी कडक चहाचं पाणी फासायचं, वाळू द्यायचं, मग व्हिनेगरमध्ये आठ दिवस भिजवलेल्या गंजक्या खिळ्यांचं पाणी. लाकूड डोळ्यांदेखत काळवंडतं. एका दुपारीत पन्नास वर्षांचं म्हातारं होतं.

पहिल्या तीन खुर्च्या मी मोडल्या त्या करवतीनं. एकीचा पाय अर्ध्यावर कापला, एकीची पाठ तिरकी छाटली. फार खूश होतो. विहार झाडणारी मावशी तालमीला बसायची. तिनं तीस वर्षं एका शाळेत झाडलोट केलीय. ती म्हणाली, ‘बाळा, खुर्ची अशी न्हाई मोडत.’

‘मग कशी मोडते, मावशी?’

‘पोरं मागं रेलत्यात. मग मागचा पाय बैठकीपाशी सुटतो. पाय मोडत न्हाई, सांधा सुटतो. आन्‌ वेत पुढच्या कडेला फाटतो, मांडी घासून. मी अशा शंभर उचलून टाकल्यात.’

शंभर खुर्च्या उचलून टाकल्या, आणि त्यातल्या एकीवरही ती बसली नाही. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. मी तिन्ही खुर्च्या उकलल्या आणि तिच्या हिशेबानं पुन्हा मोडल्या. नेपथ्याच्या कुठल्या पुस्तकात हे असेल तर मला दाखवा.

एक खुर्ची चालू प्रयोगात मोडायची होती. आठव्या रात्री बाबासाहेब वाचायला म्हणून अडगळीतली एक खुर्ची ओढतात, बसतात आणि ती कोसळते. हा प्रसंग त्यांनी लिहिलेला नाही, आमचा आहे, हे आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. यात अडचण अशी, की खुर्ची ठरल्या वेळीच मोडली पाहिजे, नटाला लागता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडण्यासाठी तयार पाहिजे. मागच्या पायांच्या खाचांत कुसू बसवले, पण फेव्हिकॉल लावला नाही. प्रत्येक सांध्यात आडवी एकेक पांगाऱ्याची खुंटी. पांगारा म्हणजे सावंतवाडीची खेळणी करतात ते मऊ लाकूड. सरळ बसलं की खुंटी वजन तोलते. मागं रेललं की काडकन तुटते आणि पाय सुटतो. दर प्रयोगाला दोन नव्या खुंट्या. बाकी खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचं रबर ठोकलं, सरकवताना आवाज नको म्हणून. या एकीला नाही. ती पडली की आवाज झालाच पाहिजे.

आणि इथं मला दिग्दर्शकाचंही श्रेय दिलं पाहिजे. त्यानं कंदील अडगळीच्या मागं, खाली जमिनीवर ठेवला. खुर्च्यांच्या पायांच्या सावल्या पुढच्या पांढऱ्या कापडावर लांबच लांब पडल्या. पहिल्या दहा रात्री त्या नुसत्या सावल्या. अकराव्या रात्री तेच पाय काठ्यांसारखे दिसायला लागतात आणि मग खऱ्या काठ्या येतात. कल्पना त्याची, माझी नाही. खरं ते सांगितलं पाहिजे. सूचक-सूचक म्हणून ओरडणाऱ्याला खरी खुर्ची हातात मिळाली तेव्हाच खरं सूचक सुचलं, एवढी मात्र मी नोंद करतो.

जयंतीच्या आठवड्यात पहिला प्रयोग वस्तीत झाला. माणसं रडली. आठव्या रात्री खुर्ची मोडली तेव्हा मागनं एक म्हातारा ओरडला, ‘अरं, उचला त्यान्ला!’

पण शेवटी काय झालं? काकांची वर्गणी. शेवटच्या प्रवेशात, बागेतल्या पाच तासांनंतर, उजेड वाढला आणि बाबासाहेब कोरीव खुर्चीवर हार घालून बसले. बाजीरावाच्या खुर्चीवर. सिंहाच्या तोंडांवर हात ठेवून. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. मी विंगेत उभा होतो. नट माझा दोस्त आहे, त्यालाही कळत होतं. माझ्याकडं बघितलं नाही त्यानं.

दुसरा प्रयोग एका भाड्याच्या नाट्यगृहात. दारावरच्या माणसानं आमचा टेम्पो अडवला. ‘हे भंगार स्टेजवर न्यायचं नाही. खाली ठेवा.’ अर्धा तास समजावलं, की बाबा, हेच नाटक आहे. तेवढ्यात शेजारी एका धंदेवाईक नाटकाचा ट्रक लागला होता. त्यातनं सोफा उतरत होता. उतरवणारी चार पोरं आमच्या भागातली, दोघांना मी नावानं ओळखतो. सोफा उतरवून धापा टाकत एक जण त्यावर बसला. घाम पुसला असेल नसेल, वरनं आवाज आला, ‘ए, उठ! कापड खराब होईल!’ तो उठला. जमिनीवर बसला. सोफ्याला टेकून.

हे सगळं मी त्या एका उठण्यासाठी लिहितोय. संध्याकाळी त्या सोफ्यावर एक बाई बसून मध्यमवर्गाच्या एकटेपणावर बोलली असेल, लोकांनी डोळे पुसले असतील. जाहिरातीत नेपथ्यकाराचं नाव होतं. ज्यानं कुसू बसवला त्याचं नव्हतं, ज्यानं उचलला त्याचं नव्हतं. ते त्यांच्याकडं. आणि आपल्याकडं? आमच्या हँडबिलावर लेखक, दिग्दर्शक, नट, ‘विशेष आभार काका’. बुरडाच्या पोराचं नाव नाही. मावशीचं नाव नाही. माझं आहे, कारण मी छापखान्यात स्वतः गेलो होतो. त्यांची नावं घाला म्हणायचं मला तिथं सुचलं नाही. ही माझी लाज आहे, ती मी लपवत नाही. शिव्या फक्त सदाशिव पेठेला द्यायच्या आणि आपल्या हँडबिलाकडं बघायचं नाही, हे जमणार नाही.

पैशाचंही बोलतो. भाड्याच्या एका खुर्चीला तीन दिवसांचे जेवढे गेले, तेवढ्यात सातही खुर्च्यांचं लाकूड, खिळे, व्हिनेगर झालं आणि बुरडाला त्या दिवसाची मजुरी दिली. मला काही मिळालं नाही, ‘तू तर आपलाच’. आपलाच म्हणजे फुकट, हे गणित आपण कुणाकडनं शिकलो? वेठबिगारी मोडायला बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध लढा दिला. चळवळीच्या नाटकात तीच वेठ प्रेमानं मागायची? नटाला नाईट मिळते तशी करणाऱ्याला आणि उचलणाऱ्यालाही मिळाली पाहिजे. थोडी असेल, पण पावती फाडून.

तिसरा प्रयोग पावसाळ्यानंतर ठरतोय. काका म्हणतात, शेवटची खुर्ची राहील. दिग्दर्शक म्हणतो, मधला मार्ग काढू, भाड्याची नको, तू एक कोरीव कर. मी कोरीव करणार नाही. शेवटच्या प्रवेशात बागेतलं बाक पाहिजे. पाच तास ज्याच्यावर तो माणूस बसला, ते. लोखंडाचं होतं की लाकडाचं, बाक होतं की झाडाखालची माती, हे पुस्तकात नाही. मी साधं लाकडाचं करीन, चार फळ्यांचं, पाठीशिवाय. मतदान झालं. चार माझ्या बाजूनं, चार काकांच्या. नववा नट आहे आणि तो अजून बोललेला नाही.

तोवर मोडक्या सातही खुर्च्या विहाराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. परवा शेजारच्या घरातनं एक बाक चुलीसाठी उचललं जात होतं, मावशीनं अडवलं. कुणाला हे नाटक करायचं असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या नाटकात मोडकी खुर्ची लागत असेल, तर टेम्पो घेऊन स्वारगेटला या. एस.टी. स्टँडच्या गेटवर थांबा, मिल सुटल्यावर सातनंतर कधीही. भाडं नाही. उचलायला येणाऱ्या दोन पोरांची मजुरी द्यायची, हँडबिलावर बुरडाचं आणि मावशीचं नाव घालायचं, ती दोन्ही नावं मी लिहून देईन. पांगाऱ्याच्या खुंट्या मी डझनभर करून ठेवल्यात, त्या खोक्यात आहेत. बैठकीखाली लाल ठिपका असलेल्या खुर्चीवर मात्र तालमीत कुणी मागं रेलू नका.